नोंद सिस्टरची, सही डॉक्टरांची

भाजलेला रुग्ण दाखल झाला की पहिले चोवीस तास त्याचा जीव मुख्यतः एका हिशेबावर तगून असतो: शरीरात किती पाणी गेले आणि लघवीवाटे किती बाहेर आले. वजन आणि भाजलेल्या त्वचेची टक्केवारी यांवरून सलाईन किती द्यायचे ते ठरते आणि त्यातले निम्मे भाजल्यापासूनच्या पहिल्या आठ तासांत द्यायचे असते. मात्र हे सूत्र सुरुवातीपुरतेच. पुढे दर तासाला लघवी मोजायची, मोठ्या माणसात ती वजनाच्या दर किलोमागे अर्ध्या मिलिलिटरच्या खाली उतरली तर सलाईनचा वेग वाढवायचा, फार होऊ लागली तर कमी करायचा. मोजणारी सिस्टर, चार्टवर लिहिणारी सिस्टर, आकडा घसरला हे सर्वांत आधी कळणारीही सिस्टरच. छत्तीसगडमधल्या भिलाईच्या सेक्टर ९ मधल्या जवाहरलाल नेहरू रुग्णालयाचा बर्न विभाग नावाजलेला आहे. पोलाद कारखान्याच्या गावाला अशा विभागाची गरज किती, हे ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक ओव्हनच्या गॅसवाहिनीला लागलेल्या आगीने दाखवून दिले. त्या आगीत अनेक कामगार होरपळून गेले आणि जखमींना याच विभागाने सांभाळले. भाजलेल्यांच्या उपचारात शल्यविशारदाचे कौशल्य मोलाचे असते यात वाद नाही. पण ते कौशल्य वापरण्याची वेळ येईपर्यंत रुग्ण जगलेला असावा लागतो आणि ते काम तासातासाने परिचारिका करत असते.

रेल्वेच्या रुळांपलीकडे, जीई रोडला लागून, सुपेला आहे. टाऊनशिपच्या सेक्टरांत कारखान्याची वैद्यकीय सेवा पोहोचली. सुपेल्याच्या दाट वस्तीतला ठेक्यावरचा मजूर, हातगाडीवाला, घरकाम करणारी बाई यांना मात्र लाल बहादूर शास्त्री शासकीय रुग्णालय आणि आसपासची खासगी नर्सिंग होम यांच्याकडेच वळावे लागते. रुळांच्या दोन बाजूंना साधनांत कितीही फरक असला, तरी एक गोष्ट दोन्हीकडे आणि देशभरच्या वॉर्डांत सारखी आहे. परिचारिकेच्या कामाची हद्द केव्हाच वाढली आहे, अधिकाराची हद्द जिथल्या तिथे राहिली आहे. रात्रपाळीत ठरवते ती, सकाळच्या राऊंडला त्या ठरवण्याखाली सही डॉक्टरांची होते. सगळे नीट पार पडले तर ती व्यवस्थेची सोय असते, बिघडले तर परिचारिकेने मर्यादा ओलांडली असे होते. परिचारिकांच्या विस्तारित भूमिकेवर आपल्याकडे जी चर्चा होते ती ‘डॉक्टरांचे काम नर्सला द्यावे का’ या प्रश्नाभोवती फिरते. माझे म्हणणे असे की हे काम दिले गेलेलेच आहे. राहिली आहेत त्यासोबत यायला हवीत अशी तीन देणी: प्रशिक्षण, लेखी अधिकार आणि नकार देण्याची मुभा. ही तीन मिळाली तर रुग्ण सुरक्षित राहतो आणि डॉक्टर-परिचारिका नातेही सुधारते. यांतले एकही सुटले तर दोन्ही बिघडतात. छत्तीसगडच्या गेल्या चाळीस वर्षांत या विधानाच्या दोन्ही बाजू तपासून पाहता येतील इतका पुरावा आहे.

रात्रपाळीचे उदाहरण डेंग्यूचे घेऊ. २०१८ च्या पावसाळ्यात भिलाईत डेंग्यूची मोठी साथ आली आणि त्यात मृत्यूही झाले. डेंग्यूत फसवा काळ ताप उतरताना सुरू होतो. नातेवाइकांना वाटते की रुग्ण सुधारला. नेमके तेव्हा रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागलेला असतो आणि पुढचे एक-दोन दिवस निर्णायक ठरतात. वरचा आणि खालचा रक्तदाब यांतले अंतर २० वर किंवा त्याखाली येणे, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे, पोटात दुखून वारंवार उलट्या होणे ही लक्षणे दर तासा-दोन तासांनी पाहिली तरच सापडतात. सलाईन कमी पडले तर रुग्ण शॉकमध्ये जातो आणि घाबरून जास्त दिले तर फुप्फुसात पाणी साचते. म्हणजे इथे औषध बदलत नाही, वेग बदलतो, आणि तो बदलण्याचा क्षण पहाटेचा असू शकतो. पन्नास-साठ रुग्णांच्या वॉर्डात त्या क्षणी डॉक्टर खाटेशेजारी नसणार हे गृहीतच धरावे लागते. मग दोन मार्ग उरतात. परिचारिकेने फोन करून आदेशाची वाट पाहायची, किंवा अनुभवाच्या जोरावर वेग बदलायचा आणि सकाळी ‘डॉक्टरांच्या सांगण्यावरून’ असे लिहून घ्यायचे. तिसरा मार्ग सर्वांत साधा आहे. अमुक आकडा आला तर अमुक बदल परिचारिकेने करावा, आणि अमुक आकड्याला डॉक्टरांना बोलावलेच पाहिजे, असा आधी सही केलेला लेखी आदेश वॉर्डात लावायचा. तो लावायला पैसा लागत नाही. लागते ती परिचारिकेच्या निर्णयाला निर्णय म्हणण्याची तयारी.

ही तयारी का नसते याचे सर्वांत नेमके वर्णन लिओनार्ड स्टाइन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९६७ साली केले. परिचारिकेला उपाय माहीत असतो, पण तो तिने सुचवला असे दिसता कामा नये. तिने तो अशा बेताने पुढे सरकवायचा की डॉक्टरांनाच तो सुचला असे वाटावे. या खेळात दोघेही तरबेज होतात आणि उघड मतभेद टळतात. आपल्याकडच्या कुठल्याही वॉर्डात हे वर्णन परके वाटणार नाही. पण या सभ्य खेळाची किंमत त्याच्या आदल्याच वर्षी चार्ल्स हॉफलिंग आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात समोर आली होती. अनोळखी डॉक्टरने फोनवरून एका अपरिचित औषधाची २० मिलिग्रॅमची मात्रा द्यायला सांगितली. बाटलीवर दिवसाची कमाल मात्रा १० लिहिलेली होती आणि फोनवरून असा आदेश घेणे नियमाबाहेरचे होते. २२ पैकी २१ परिचारिका ते औषध द्यायला निघाल्या, वाटेत त्यांना थांबवावे लागले. या प्रयोगाचा दाखला नेहमी परिचारिकांच्या आज्ञाधारकपणाबद्दल दिला जातो आणि तिथेच सोडला जातो. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो १९७७ मधला दुसरा प्रयोग. त्यात औषध ओळखीचे होते आणि परिचारिकांना सहकाऱ्यांशी बोलता येत होते. तेव्हा १८ पैकी फक्त दोघी चुकीची मात्रा द्यायला तयार झाल्या. दोन प्रयोगांमधल्या दहा-अकरा वर्षांत काळही बदलला होता, हे मान्य. तरी ज्ञान आणि सल्लामसलत हाताशी असलेली परिचारिका रुग्ण आणि चूक यांच्यामध्ये उभी राहते, एवढे त्यातून निश्चित निघते. आज्ञापालन हा परिचारिकेचा मुख्य गुण मानणारे रुग्णालय स्वतःची शेवटची तपासणीच बंद करून टाकते.

आपल्या आरोग्यव्यवस्थेच्या पायाभरणीतच ही उतरंड आहे. भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला तेव्हा देशात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे ४३ हजार लोकांमागे एक. समितीने ती संख्या वाढवण्याचा आग्रह धरला, आणि त्याच समितीच्या भूमिकेतून अल्प मुदतीचे शिक्षण घेतलेल्या लायसन्शिएट डॉक्टरांचा वर्ग बंद होत गेला. डॉक्टर एकाच दर्जाचा असावा या उदात्त कल्पनेचा परिणाम असा झाला की खेड्यात आणि कामगारवस्तीत डॉक्टर पोहोचेपर्यंत मधली जागा रिकामी राहिली. ती जागा एएनएम, परिचारिका आणि औषधनिर्माते यांनी न सांगता भरली. शिवाय विटाळ, मलमूत्र, परक्या पुरुषाचा स्पर्श यांच्याशी निगडित काम म्हणून आपल्या समाजाने शुश्रूषेला जे खालचे स्थान दिले, ते रुग्णालयाच्या भिंतींबाहेर थांबले नाही. डॉक्टर-परिचारिका संबंधांत व्यावसायिक उतरंडीइतकाच जातीचा आणि लिंगभेदाचा भाग आहे, आणि तो नियमावलीने एका दिवसात जाणार नाही, हे आधीच मान्य करून पुढे जाऊ.

रिकामी मधली जागा उघडपणे भरण्याचा देशातला सर्वांत धाडसी प्रयत्न छत्तीसगडमध्येच झाला. राज्य स्थापन झाल्यानंतर वर्षभरातच, २००१ साली, अजित जोगी सरकारने कायदा करून तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू केला. नव्या राज्यात डॉक्टर फारच कमी होते आणि बस्तर-सरगुजाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत जायला असलेलेही तयार नव्हते. अभ्यासक्रमाला वैद्यक संघटनांचा कडवा विरोध झाला, पदविकेचे नाव पुन्हा पुन्हा बदलले, विद्यार्थ्यांनी आंदोलने केली आणि काही तुकड्यांनंतर प्रवेश थांबले. पण बाहेर पडलेल्यांना राज्याने ग्रामीण वैद्यकीय सहायक म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमले, आणि त्यामुळे एक दुर्मीळ तुलना शक्य झाली. एकाच राज्यात, सारख्याच प्रकारच्या केंद्रांत, एमबीबीएस डॉक्टर, आयुष डॉक्टर, तीन वर्षे शिकलेले सहायक, आणि यांपैकी कुणीच नसल्याने केंद्र चालवणाऱ्या परिचारिका व औषधनिर्माते असे चार गट रुग्ण पाहत होते. के. डी. राव, टी. सुंदररामन आणि सहकाऱ्यांनी अतिसार, न्यूमोनिया, मलेरिया, क्षयरोग, गर्भारपणातला वाढलेला रक्तदाब, मधुमेह अशा नेहमीच्या आजारांवर या चौघांची पारख केली. ग्रामीण वैद्यकीय सहायक एमबीबीएस डॉक्टरांच्या बरोबरीने उतरले, आयुष डॉक्टर त्यांच्या मागे राहिले, आणि परिचारिका व औषधनिर्माते सर्वांत मागे.

या निष्कर्षाचा पहिला अर्धा भाग विस्तारित भूमिकांचे समर्थक आवडीने सांगतात आणि दुसरा विरोधक. दोन्ही एकत्र वाचले पाहिजेत. पहिल्या अर्ध्यातून दिसते की प्राथमिक पातळीवरच्या ठरावीक आजारांसाठी साडेपाच वर्षांचे शिक्षण ही अट अपरिहार्य नाही. त्या कामासाठीच आखलेले तीन वर्षांचे शिक्षण पुरते. दुसऱ्या अर्ध्यातून दिसते की शिक्षण न देता नुसते काम अंगावर टाकले तर रुग्णाचे नुकसान होते. त्या परिचारिका कमी कुवतीच्या होत्या असे त्यातून सिद्ध होत नाही. निदान आणि औषधयोजना त्यांना कुणी शिकवलीच नव्हती आणि तरी रुग्ण त्यांच्यासमोर रांगेत उभे होते, हे मात्र सिद्ध होते. विस्ताराचे समर्थन करणाऱ्याने हा निष्कर्ष लपवला तर त्याच्या म्हणण्याला अर्थ उरत नाही.

प्रशिक्षण मिळाले तर काय होते हे याच परिसरात आणखी दोनदा दिसले आहे. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहरामध्ये खाण कामगारांच्या संघटनेने शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखाली १९८२ साली दवाखाना आणि ३ जून १९८३ रोजी शहीद रुग्णालय उभे केले. संघटनेच्या पदाधिकारी कुसुमबाई यांचा बाळंतपणात योग्य उपचारांअभावी झालेला मृत्यू त्यामागे होता. पैसा कामगारांच्या वर्गणीचा, बांधकामाचे श्रमही त्यांचेच. बिनायक सेन, आशीष कुंडू, पवित्र गुहा, शैबाल जाना हे डॉक्टर तिथे आले. या रुग्णालयाचे वेगळेपण असे की पाळी संपवून आलेले खाण कामगार आणि कामगारवस्तीतल्या मुली यांना डॉक्टरांनी शिकवून आरोग्य कार्यकर्ते आणि परिचारिका म्हणून तयार केले. रुग्णालय चालवण्याच्या चर्चेत त्यांना आवाज होता, कारण रुग्णालय त्यांच्या संघटनेचे होते. डॉक्टरांचा मान त्यामुळे घटला असे घडले नाही. शैबाल जानांनी तिथे काढलेली दशके त्याची साक्ष आहेत. अर्थात एका ध्येयवादी संघटनेचे रुग्णालय हा सरकारी रुग्णालयासाठी नियम होऊ शकत नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून दुसरे उदाहरण, जिथे मोजमाप काटेकोर झाले. छत्तीसगडला लागून असलेल्या गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या जेमतेम शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायला शिकवले. १९९९ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट झाली. इंजेक्शन डॉक्टरनेच द्यावे हा आग्रह तोवर सुरक्षिततेच्या नावाने धरला जात होता. आकड्यांनी दाखवले की त्या गावांत तो आग्रहच बाळांच्या जिवावर उठला होता. पुढे २०१४ साली केंद्र सरकारने ठरावीक परिस्थितीत एएनएमना हे इंजेक्शन देण्याची मुभा देणारी मार्गदर्शिका काढली. संशोधन आणि आदेश यांत पंधरा वर्षे गेली.

जगातला पुरावा थोडक्यात सांगतो, कारण त्याची दिशा आता वादग्रस्त राहिलेली नाही. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी मुलांच्या आरोग्यासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. १९७४ मध्ये कॅनडात, २००० मध्ये न्यूयॉर्कमध्ये झालेल्या तुलनांत अशा परिचारिकांच्या रुग्णांची प्रकृती डॉक्टरांच्या रुग्णांइतकीच राहिली. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्याने अशा १८ चाचण्या एकत्र तपासून प्राथमिक सेवेत परिचारिकांचे परिणाम बरोबरीचे किंवा थोडे सरस ठरवले. परिचारिका रुग्णाला वेळ अधिक देतात आणि रुग्णांचे समाधानही अधिक असते. यातल्या बहुतेक चाचण्या श्रीमंत देशांतल्या आहेत हे खरे, म्हणून दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण जास्त बोलके वाटते. तिथे एचआयव्हीची औषधे सुरू करण्याचा अधिकार प्रशिक्षित परिचारिकांना दिल्यावर मृत्यू वाढले नाहीत. गर्भपाताच्या व्हॅक्यूम पद्धतीबाबत भारतातच झालेल्या अभ्यासात परिचारिका डॉक्टरांइतक्याच सुरक्षित ठरल्या. तरी २०२१ च्या दुरुस्तीनंतरही आपला गर्भपात कायदा तो अधिकार फक्त डॉक्टरांनाच देतो.

कायद्याचा आपल्याकडचा प्रवास मात्र अडखळतच चालला आहे. १४ एप्रिल २०१८ रोजी छत्तीसगडच्याच विजापूर जिल्ह्यात जांगला येथे देशातल्या पहिल्या हेल्थ अँड वेलनेस सेंटरचे उद्घाटन झाले. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी नेमायचा, त्यासाठी बीएस्सी नर्सिंग किंवा जीएनएम झालेल्यांना सहा महिन्यांचे प्रशिक्षण द्यायचे अशी ही योजना. महाराष्ट्राने या पदांसाठी आयुर्वेद पदवीधरांना मोठ्या प्रमाणावर घेतले, छत्तीसगडने मुख्यतः परिचारिकांना. पाठोपाठ २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात कलम ३२ आले. मर्यादित परवाना, प्राथमिक व प्रतिबंधक सेवेत ठरावीक औषधे स्वतंत्रपणे देण्याचा अधिकार, बाकी सर्व डॉक्टरच्या देखरेखीखाली. इंडियन मेडिकल असोसिएशनने संप केला. कलम मंजूर झाले आणि मुख्यतः कागदावरच राहिले. २४ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आसामचा ग्रामीण आरोग्य कायदा घटनाबाह्य ठरवला, कारण वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा ठरवणे केंद्राच्या अखत्यारीत येते. राज्यांनी स्वतंत्र वाट काढू नये असा त्याचा अर्थ, आणि केंद्राने काढलेली वाट कुणी चालत नाही अशी आजची स्थिती. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा पदव्युत्तर अभ्यासक्रम २०१६ च्या सुमारास सुरू केला. तो पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या परिचारिकेसाठी बहुतेक रुग्णालयांत तसे पदच नाही. ती पुन्हा स्टाफ नर्स म्हणूनच रुजू होते.

विरोधी बाजूचा सर्वांत वजनदार आक्षेप असा: शहरातल्या श्रीमंतांना डॉक्टर आणि सुपेल्यातल्या मजुराला नर्स, ही दुय्यम दर्जाची सेवा आहे. यामागची समतेची भावना खरी आहे आणि ती झटकून टाकता येत नाही. पण ब्रिटनमध्ये २००६ पासून पात्र परिचारिका जवळपास सगळी औषधे स्वतंत्रपणे लिहून देतात, आणि त्या रांगेत गरीब-श्रीमंत एकत्र असतात. उलट बाजूने बाळंतपण पाहा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी रुग्णालयांतली ४७ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली, सरकारी रुग्णालयांत १४ टक्के. पैसे मोजून डॉक्टर मिळवणाऱ्या स्त्रीला दर वेळी चांगलीच सेवा मिळते असे या आकड्यांवरून म्हणता येणार नाही. प्रशिक्षित सुईण-परिचारिका आणि हाकेच्या अंतरावर डॉक्टर ही रचना सधन स्त्रीच्याही हिताची आहे. आक्षेपातला ग्राह्य भाग एवढाच की परिचारिकेच्या पाठीशी डॉक्टर नसेल तर ती सेवा खरोखर दुय्यम ठरते. उपाय म्हणून डॉक्टरला तिच्या फोनच्या पलीकडे हमखास बांधून घ्यावे लागेल, आणि तो फोन उचलणे हे डॉक्टरच्या कामाच्या मोजमापात धरावे लागेल.

दुसरा आक्षेप अलीकडचा आहे. डॉक्टर आता पुरेसे होत आहेत, मग मधली पायरी कशाला? २०१४ साली एमबीबीएसच्या जागा सुमारे ५१ हजार होत्या, दहा वर्षांत त्या लाखाच्या वर गेल्या. दुर्ग जिल्ह्यातले चंदूलाल चंद्राकर वैद्यकीय महाविद्यालय २०२१ मध्ये राज्याने ताब्यात घेतले. डॉक्टर वाढतील हे खरेच. पण त्यांच्या संख्येवरून हा प्रश्न ठरवणे म्हणजे परिचारिका ही डॉक्टरची तात्पुरती बदली आहे असे धरून चालणे. मधुमेह, उच्च रक्तदाब, सिकलसेल यांसारख्या आजारांत रुग्ण वर्षातले बहुतेक दिवस घरी असतो. औषध चालू आहे का, हायड्रॉक्सियुरिया घेणाऱ्या सिकलसेलच्या मुलाची रक्ततपासणी वेळेवर झाली का, वेदनेचा झटका आला की घरच्यांनी काय करायचे, हे काम आधीपासून शुश्रूषेचे आहे. डॉक्टर भरपूर असलेल्या देशांतही ते परिचारिकाच करतात.

तिसरा आक्षेप परिचारिकांकडून येतो आणि माझ्या दृष्टीने तो सर्वांत गंभीर आहे. आहे तेच काम उरकत नाही, त्यात नवे काम, तेही त्याच पगारात आणि कंत्राटावर. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांनी छत्तीसगडमध्ये २०२५ साली दीर्घ संप केला, त्यात समुदाय आरोग्य अधिकारीही होते. ज्या अधिकाऱ्याची नेमणूक दरवर्षी नूतनीकरणावर टांगलेली असते, ती वरिष्ठांना ‘नाही’ म्हणू शकेल अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. युरोपातल्या नऊ देशांतल्या ३०० रुग्णालयांचा लिंडा आयकेन यांचा २०१४ चा अभ्यास सांगतो की परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरात मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. म्हणजे पदे न भरता जबाबदाऱ्या वाढवणारी योजना विस्ताराच्या नावाखाली वॉर्ड धोकादायक करते. परिचारिका संघटनांनी अशा योजनांना विरोध केला तर तो मागासलेपणा नाही, रुग्णाचेच रक्षण आहे. आधी रिक्त पदे, मग नवी भूमिका, हा क्रम उलटवता कामा नये.

नकार देण्याच्या मुभेवर मी एवढा भर का देतो, याचे कारण बिलासपूर जिल्ह्यात आहे. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी तिथल्या नसबंदी शिबिरात एका शल्यविशारदाने काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या. सरकारी नियमाप्रमाणे दिवसाला मर्यादा ३० होती. या आणि लगतच्या शिबिरांतल्या डझनाहून अधिक स्त्रिया दगावल्या. मृत्यूंचे कारण जंतुसंसर्ग की भेसळयुक्त औषध यावर पुढे वाद झाला. त्या वादाच्या निकालाने एक गोष्ट बदलत नाही. एकतिसाव्या स्त्रीला टेबलावर घेतले जात असताना नियम मोडला जात होता, आणि मदतीला उभ्या असलेल्या कर्मचाऱ्यांच्या हाती काम थांबवण्याचा अधिकार नव्हता. मोजणी मर्यादेपुढे गेली तर उपकरणे पुढे सरकणार नाहीत, असे म्हणण्याचा अधिकार ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरला लेखी असता आणि तो वापरल्याबद्दल तिची बदली होणार नाही याची हमी असती, तर तो तीसचा आकडा नियमपुस्तकाबाहेर आला असता. डॉक्टरांनाही अशा अधिकाराची गरज असते. लक्ष्य पूर्ण करण्याचा दबाव त्यांच्यावरही असतो, आणि दबावाखालच्या माणसाला थांबवणारा सहकारी हवा असतो.

परिचारिकेच्या निर्णयाला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एकदा असामान्य मान दिला आहे. केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग यांच्या दयामरणाच्या खटल्यात ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क त्यांना वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा मानला. शुश्रूषेतून येणारे ज्ञान हे रुग्णाबद्दलचे अधिकृत ज्ञान आहे, हे त्या निकालाने सूचित केले. जीवनमरणाच्या प्रश्नात जे न्यायालयाला मान्य झाले, ते सलाईनच्या वेगाबाबत वॉर्डाला मान्य व्हायला हरकत नसावी.

नवा कायदा येईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. तिथे औषधांचा क्रम एका साध्या तक्त्यावर ठरवून दिला गेला: कोणते औषध आधी, किती दिवसांनी मात्रा वाढवायची, कोणत्या आकड्याला वर पाठवायचे. निदान आणि सुरुवात डॉक्टरची, पाठपुरावा आणि औषधाचा पुढचा महिना गावाजवळच्या केंद्रात परिचारिकेच्या हाती. डॉक्टरचे निर्णय त्यामुळे हिरावले गेले नाहीत, ते आधी घेऊन लिहून ठेवले गेले. भंडाऱ्याहून दुर्ग फार लांब नाही. सुपेल्यासारख्या नागरी रुग्णालयात डेंग्यूचे सलाईन, बाळंतिणीचा रक्तस्राव, गरोदरपणातले झटके, नवजाताचा जंतुसंसर्ग, उच्च रक्तदाबाचा पाठपुरावा अशा निवडक गोष्टींचे आदेश डॉक्टर आणि अधिपरिचारिका यांनी एकत्र बसून लिहावेत, दोघांनी सही करावी, वर्षातून एकदा प्रत्यक्ष नोंदींवर ताडून दुरुस्त करावेत. बाळंतिणीला ऑक्सिटोसिन किंवा मिसोप्रोस्टॉल आणि झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा देण्याची परवानगी प्रशिक्षित परिचारिका व एएनएमना केंद्राच्या २०१० च्या मार्गदर्शिकेत आधीच आहे. म्हणजे पाचांपैकी दोन आदेशांना नवा आधार शोधावा लागत नाही. उरलेल्यांसाठी राज्याच्या आरोग्य विभागाचे एक परिपत्रक पुरेल, आणि त्यात दोन वाक्ये ठसठशीत असावीत. लिहून दिलेल्या मर्यादेत परिचारिकेने केलेल्या कृतीची जबाबदारी संस्थेची राहील. आणि मर्यादेबाहेरचे काम तोंडी सांगितले गेले, तर ते नाकारल्याबद्दल तिच्यावर कारवाई होणार नाही.